कपाळभर बारीक पुळ्या, मान काळपट: घरी काय करता येईल?

मानपाडावासी
मुलगी १९ वर्षांची आहे. रोज ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशीला कॉलेजला जाते. जूनपासून कपाळावर बारीक पुळ्या आल्यात, केसांच्या कडेला जास्त. मानेचा मागचा भाग काळपट दिसतो, कितीही घासला तरी जात नाही. शेजारच्या काकूंनी लिंबू आणि खायचा सोडा सांगितला, तो दोनदा लावला. मेडिकलमधून एक क्रीमही आणलं. चार दिवसांत चेहरा एकदम साफ आणि उजळ झाला. आता बारावा दिवस आहे आणि पुळ्या आधीपेक्षा जास्त आहेत, हनुवटीवरही आल्यात. डोक्याला रोज खोबरेल तेल असतं. सोसायटीत आठवड्यातले तीन दिवस टँकरचं पाणी येतं. काय लावायचं, किती आणि किती वेळ, ते नेमकं सांगा.

कोरफड
ताई, लिंबू-सोडा आजच बंद करा. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. एकाने चरचरतं, दुसऱ्याने वरचा संरक्षक थर कोरडा पडतो. त्यात लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं तर त्या जागी भाजल्यासारखं होतं आणि मागे राहणारे तपकिरी डाग महिनोन्महिने जात नाहीत. डाग घालवायला लावलेलं लिंबूच नवे डाग देतं.

औषध सुचवण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. पुळ्यांना खाज येते का? सगळ्या एकाच आकाराच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत का? मध्येमध्ये काळ्या किंवा पांढऱ्या टोकाच्या कोंडलेल्या पुटकुळ्या दिसतात का? आणि ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

मानपाडावासी
खाज येते, घाम आला की फार. सगळ्या एकसारख्या बारीक आहेत, काळी टोकं नाहीत. ट्यूबवर क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल असं आहे.

पांढरा_अ‍ॅप्रन
यातलं क्लोबेटासोल हे सगळ्यात तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. चेहऱ्यासाठी ते नाहीच. पहिल्या चार दिवसांत दिसलेला उजळपणा त्याचाच: रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लाली आणि सूज बसते. दाह दाबला जातो, पण मूळ कारण तिथेच राहतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. जास्त दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते.

बारा दिवसांत लक्षात आलं हे बरं झालं. क्रीम बंद करा. बंद केल्यावर चार-आठ दिवस चेहरा लाल होईल, जळजळेल, पुळ्या उसळतील. या टप्प्यावर बहुतेक जण पुन्हा तीच ट्यूब उघडतात आणि तिथून सवय लागते. म्हणून ती घरात ठेवूच नका. लाली फार वाढली किंवा आठवड्यात ओसरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचाविभागाची ओपीडी आहे. जाताना रिकामी ट्यूब सोबत न्या, त्यांचं अर्धं काम तिथेच होतं.

पुढच्या वेळी दुकानातच घटक वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोलोन’ दिसलं, जसं बीटामेथासोन, मोमेटासोन, किंवा क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नावं दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नका. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीवरच द्यायची. तरीही काउंटरवर सहज मिळतात, आणि याचा मनापासून संताप येतो.

कोरफड
खाज, एकच आकार, काळी टोकं नाहीत, घाम आणि तेल, जागा कपाळ: हे सगळं धरलं तर या नेहमीच्या तारुण्यपीटिका वाटत नाहीत. मालासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, सगळ्यांच्याच त्वचेवर असतं. तेलावर पोसतं, दमट हवेत वाढतं, केसांच्या मुळांत शिरलं की अशा पुळ्या येतात. डोक्यात कोंडा असेल तर शक्यता आणखी वाढते. पिंपल्सची अँटिबायोटिकं घेतली तर हे वाढतं, कारण त्याला आवर घालणारे जिवाणू मरतात. (घामोळंही असंच दिसतं, पण ते पंख्याखाली कोरडं राहिलं की दोन-तीन दिवसांत बसतं.)

पहिला आठवडा चेहऱ्याला विश्रांती. दोन वेळा सौम्य फेसवॉश, वर हलकं जेलसारखं, तेल नसलेलं मॉइश्चरायझर, बाकी काही नाही. जळजळ थांबली की २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू घ्या. तो फेसवॉशसारखा वापरायचा. चेहरा ओला करा, अर्धा चमचा शाम्पू तळहातावर फेसाळून आधी फक्त कपाळाच्या एका बाजूला लावा, तीन मिनिटांनी धुवा. दोन दिवसांत लाल झालं नाही तर पूर्ण कपाळ आणि हनुवटी, पाच मिनिटं, आठवड्यातून तीनदा. लगेच धुतला तर उपयोग होत नाही, बहुतेक जण इथेच चुकतात. डोळे मिटून ठेवायचे. त्याच शाम्पूने आठवड्यातून दोनदा डोकंही धुवा, नाहीतर तिथून पुन्हा खाली येतं. तीन-चार आठवड्यांत फरक नाही पडला तर अंदाज चुकला असं समजा आणि दाखवा.

खाडीकिनारा
तेल आणि पाण्याबद्दल. केसांना तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी एक-दोन तास, मुळांपासून दोन बोटं सोडून, आणि त्याच दिवशी धुऊन टाका. रात्रभर लावून झोपलं की ते उशीवर, उशीवरून कपाळावर. उशीचा अभ्रा दर तीन दिवसांनी बदला. पावसाळ्यात कपडे दमट राहतात, तर अभ्रा आणि चेहऱ्याचा टॉवेल उलटसुलट इस्त्री करून कोरडे करा. लोकलच्या गर्दीत घाम आला की स्वच्छ सुती रुमालाने टिपायचं, घासायचं नाही.

टँकरचं पाणी बोअरचं असेल तर ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असू शकतं. पारदर्शक बाटलीत पाव भाग पाणी घ्या, साध्या साबणाचे दोन-तीन किस टाका, अर्धा मिनिट जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली पाणी स्वच्छ, तर पाणी मऊ. फेस नाही आणि पाणी दुधाळ, वर पांढरे कण, तर जड. ते कण म्हणजे कॅल्शियम आणि साबणाचं मीठ, ते त्वचेवर चिकटून राहतं. अशा दिवशी वडीचा साबण सोडून सिंडेट बार (साबण नसलेली, सौम्य डिटर्जंटची वडी) किंवा फेसवॉश वापरा आणि शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे घ्या. उकळून जडपणा पूर्ण जात नाही.

मुलतानी माती आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं चालेल ना?

कोरफड
आत्ता नको. स्टिरॉइडनंतरच्या त्वचेला ती ओढते. महिन्याभराने, तडकायच्या आत ओलसर असतानाच धुवायची असेल तर चालेल. घरची ताजी कोरफड लावणार असाल तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक पंधरा मिनिटं निथळू द्या, मग सालीखालचा पारदर्शक गर धुऊन घ्या. तो चीक चुरचुरतो. आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस पाहायचं. बाहेर जाताना एसपीएफ ३०चं सनस्क्रीन, तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहरा आणि मान मिळून.

पांढरा_अ‍ॅप्रन
मान राहिली. घासणं बंद करा, घासून ती आणखी काळवंडते. कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन एक इंचभर जागा हलक्या हाताने पुसा. बोळा तपकिरी झाला आणि ती जागा उजळली, तर तो साचलेला थर आहे, दोन-तीनदा पुसून जातो. बोळा पांढराच राहिला, त्वचा मखमलीसारखी जाडसर लागली आणि काखेतही तसंच असेल, तर तो मळ नव्हे. इन्सुलिनचा परिणाम कमी पडतो तेव्हा तिथली त्वचा जाड होते. अशा वेळी उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के आलं तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. १० टक्के युरियाचं क्रीम रात्री लावलं की मान मऊ पडते, पण रंग सावकाश उतरतो, तोही वजन आणि साखर आटोक्यात आली की.