पांढऱ्या मिशीचा समुद्रपक्षी: नर कोणता, मादी कोणती?

निळाई:
प्राणिसंग्रहालयातल्या मोठ्या पिंजऱ्यात हा पक्षी दिसला आणि माझा पाय तिथून निघेना. अंग पाटीसारखं राखाडी, चोच नि पाय लालभडक, आणि गालांवर चक्क पीळ दिलेल्या पांढऱ्या मिशा! शेजारी एक तपकिरी, बिनमिशीचा बसला होता. ती मादी का? शिवाय एक मिशीवाला मासा घेऊन खडकाच्या फटीत शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. असं का?

किनारा:
हा इंका टर्न, सुरयांच्या कुळातला. पेरू आणि चिलीचा किनारा हे त्याचं घर. मिशा दोघांनाही असतात. तपकिरी आहे ते पिल्लू.

जुना राखणदार:
किनारा यांचं बरोबर आहे. मी या पक्ष्यांची देखभाल बरीच वर्षं केली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मिशी म्हणजे लांब पिसंच, साधारण 5 सेंटिमीटर. ती नुसती शोभा नाही. ज्याची प्रकृती चांगली त्याची मिशी लांब, आणि जोड्याही बहुधा सारख्या मिशीवाल्यांच्या जमतात.

आता फटीबद्दल. हे पक्षी उघड्यावर अंडी घालत नाहीत. कपार, बीळ, कधी हम्बोल्ट पेंग्विनचं सोडलेलं घरसुद्धा चालतं. म्हणून आम्ही खडकात खोल कप्पे ठेवायचो. मासा आत पोचला म्हणजे आत जोडीदार तरी आहे, नाहीतर पिल्लू. अंड्यावर दोघंही आळीपाळीने बसतात.

मला खरी काळजी त्यांच्या मूळ घराची वाटते. पेरूच्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे थर खतासाठी खणून नेले, तेव्हा घरट्यांच्या जागाही गेल्या. त्यात एल निन्यो आला की किनाऱ्याचं थंड पाणी तापतं, अँकोव्ही मासे खोल जातात आणि पिल्लं उपाशी मरतात. पिंजऱ्यातली जोडी पाहताना मला ती बेटं आठवतात.

निळाई:
दादा, आज मुद्दाम परत गेले. पाऊण तास त्याच फटीसमोर उभी होते. मोठ्या पक्ष्याची चोच आत गेली आणि आतून बारीक चिवचिव आली. दिसलं काहीच नाही, पण मासा घ्यायला कुणीतरी आहे.

जुना राखणदार:
मग पिल्लूच! साधारण सात आठवड्यांनी बाहेर येईल, तपकिरी आणि बिनमिशीचं. तोवर फटीच्या फार जवळ उभ्या राहू नका, आईबाप आत जायला कचरतात.