ट्रोल विरुद्ध चाळीस गावकरी: तोल कसा साधावा? (डीअँडडी ५ई, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती) सल्ला हवा

कसबा_डीएम
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपमध्ये चार खेळाडू, सगळी पात्रं तिसऱ्या लेव्हलची, डीएम (खेळ चालवणारा) मी वेगळा. गेल्या रविवारी या शहाण्यांनी एका खेड्याला ट्रोल नावाच्या राक्षसापासून वाचवायचा शब्द देऊन टाकला. बेत असा की स्वतः पुढे व्हायचं नाही, गावातल्या चाळीस धडधाकट माणसांच्या हातात हत्यारं द्यायची.

कॉमनरचे (साध्या गावकऱ्याचे) एचपी, म्हणजे जीव, ४; एसी १०, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून एवढा आकडा आला की वार लागतो. ट्रोलचे एचपी ८४, एसी १५, शिवाय दर टर्नला (त्याच्या पाळीला) १० एचपी आपोआप भरून येतात. आता एक तर ट्रोल गाव उजाड करेल आणि पोरं हिरमुसतील, नाही तर चाळीस जण मिळून त्याला दोन राउंडमध्ये (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) लोळवतील आणि पुढे कुठल्याच राक्षसाला कोणी घाबरणार नाही. मधला मार्ग काय?

अटी: फुकट मिळणारे २०१४ चे बेसिक नियमच वापरतो. नवीन पुस्तक घ्यायचं नाही, सिस्टिम बदलायची नाही. खर्च फार तर ३०० रुपये, तेही प्रिंटआउटसाठी. सेशन तीन तासांचं. आणि चाळीस वेळा फासे टाकत बसायचं नाही.

मिनीप्रेमी
२०२५ चं मॉन्स्टर मॅन्युअल घ्या, डोळे झाकून. मी घेतलं, पैसे वसूल. सोबत ट्रोलची मोठी मिनी (खेळातली बाहुली) घ्या, टेबलावर ठेवली की माणसं आपोआप गप्प होतात. माझ्याकडे तीन आहेत, एक स्वतः रंगवलेली. बजेट थोडं वाढवा हो, रोज रोज कुठे ट्रोल येतो!

जुनं_खोड
आमच्या वेळी हा प्रश्नच पडत नसे. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये मोराल (धीर) होतं. दोन सहाचे फासे टाका, आकडा मोरालच्या वर गेला की माणूस पळाला. शेतकरी म्हणजे काय सैनिक आहे? शेजाऱ्याचं मुंडकं उडालेलं बघून तो काठी घेऊन उभा राहील? आजकाल सगळे शेवटच्या एचपीपर्यंत लढतात, तिथेच खेळाची वाट लागली.

बेएरियाकर
सिस्टिम बदला. डंजन क्रॉल क्लासिक्स या खेळात 'फनेल' म्हणून प्रकार आहे, नेमकं तुम्हाला हवंय तेच. प्रत्येकाकडे तीन-चार झिरो लेव्हल माणसं, एचपी एका चाराच्या फाशाचे. बहुतेक मरतात, वाचेल तो हिरो. इथे आमच्या ग्रुपमध्ये एक चीज विकणारा वाचला, आज तोच पार्टीचा (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीचा) म्होरक्या आहे.

कसबा_डीएम
@बेएरियाकर, सिस्टिम बदलायची नाही असं लिहिलंय हो वर.

बेएरियाकर
वाचलं. तरी बघाच एकदा.

वीस_नैसर्गिक
ट्रोल कसला घेऊन बसलात! आम्ही दोनशे तिरंदाज उभे करून ॲडल्ट रेड ड्रॅगन पाडलाय. एसी १९, एचपी २५६. साध्या माणसाला फाशावर +२ धरा, १७ किंवा वर पडला की बाण लागला. दोनशेतले चाळीस लागतात. तीन राउंडच्या आत खेळ खलास. ५ई मध्ये गर्दीपुढे कोणी टिकत नाही, लिहून घ्या.

निळा_फासा
तुमच्या डीएमने फ्राइटफुल प्रेझेन्स (ड्रॅगनची दहशत) वापरलाच नाही वाटतं? १२० फुटांच्या आत विझ्डम सेव्ह (दहशतीतून सुटायचा फासा), डीसी (लागणारा आकडा) १९. शेतकऱ्याला १९ किंवा २० च लागतो. दहातले नऊ घाबरले, त्यांना डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. वर ६० फुटी आगीचा फवारा. आणि ड्रॅगन भर उजेडात मोकळ्या रानात उतरून दोनशे जणांच्या टप्प्यात थांबेलच कशाला?

वीस_नैसर्गिक
लाँगबोचा पल्ला १५० फूट आहे. १२० च्या बाहेरच उभे केले होते. आता बोला.

निळा_फासा
ड्रॅगन ८० फुटांच्या वेगाने उडतो. तीस फूट पुढे यायला त्याला काय मुहूर्त लागतो?

जुनं_खोड
दोघांनी वेगळा धागा काढा.

रेवती_ठाणे
मूळ प्रश्नाकडे येते. @कसबा_डीएम, मी गणित मांडून बघितलं.

कॉमनरला +२ धरून ट्रोलवर फाशात १३ लागतो, म्हणजे ४० टक्के. सोट्याचं नुकसान सरासरी अडीच. पण नकाशावर ट्रोल चार चौकोनांचा, त्याला एका वेळी बाराच माणसं भिडू शकतात. बाकीचे अठ्ठावीस मागे उभे राहून आरडाओरडा करणार. बारा जणांचं मिळून राउंडला १३ च्या आसपास नुकसान, त्यातले १० भरून येतात. ट्रोलचा एक चावा आणि दोन पंजे. बसलेला कुठलाही वार ४ एचपी घेऊनच जातो. राउंडला दोन-तीन माणसं. सोळाव्या राउंडच्या आसपास गाव संपलं, आणि ट्रोल अजून निम्म्याच्या वर शिल्लक.

आता एकाच्या हातात पेटती मशाल द्या. ती लागली की आगीचं नुकसान १ च, पण पुढच्या टर्नला भरून येणं बंद. दर राउंडला ती लागत राहिली तर त्याच १३ नुकसानीने ट्रोल सहा-सात राउंडमध्ये पडतो. गावातले पंधराएक जातात, पण गाव जिंकतं. म्हणजे एचपी, एसी काही बदलू नका, सगळी झुंज मशाल पेटती ठेवण्याची करा.

सांभाळायच्या आहेत त्या गोफणी. पाखरं हाकणाऱ्या गावात गोफण घरोघरी असणार, आणि चाळीस गोफणींना भिडायला जागा लागत नाही. ३० फुटांच्या आत सगळ्यांनी भिरकावली तर राउंडला ४५ नुकसान. तुमची दुसरी भीती ती हीच. म्हणून ट्रोलला रात्री आणा, पावसात. त्याला अंधारात दिसतं, माणसांना नाही. डिसॲडव्हांटेजने ४० टक्क्यांचे १६ होतात, त्या ४५ चे १६ उरतात, त्यातलेही १० भरून येतात. पार्टीला काम आपोआप मिळतं: आडोसा करायचा, तेल टाकायचं, मशाली जपायच्या. "स्वतः लढायचं नाही" म्हणणारे बघा कसे पळत पुढे येतात.

कसबा_डीएम
ताई, __/\__. बारा जणांचं डोक्यातच आलं नव्हतं.

निळा_फासा
रेवतीताईंशी सहमत. फासे वाचवायचे तर डंजन मास्टर्स गाइडमध्ये गर्दीसाठी तक्ता आहे. विकत घेऊ नका, तुमच्यापुरतं सांगतो: १३ किंवा १४ लागत असेल तर दर तीन हल्ल्यांना एक लागला असं धरायचं. बारा जण म्हणजे चार फटके, फासा टाकायचाच नाही. डिसॲडव्हांटेज असेल तर लागणारा आकडा १८ धरा, म्हणजे पाचांत एक.

चहाबाज
उत्तम धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझा एक मुद्दा, जो कोणीच मांडला नाही: मोराल चेक ठेवा. शेतकरी पळतील की हो!

जुनं_खोड
मी काय बोललो मग?

चहाबाज
काका, तुम्ही १९८१ चं बोललात. २०१४ च्या गाइडमध्येही पर्यायी नियम आहे, विझ्डम सेव्ह, डीसी १०. निम्मी माणसं मेली की टाकायचा. कॉमनरला काहीच बोनस नाही, त्यामुळे उरलेल्यांतले निम्म्याहून थोडे कमी पळतात.

मिनीप्रेमी
चाळीस गावकऱ्यांच्याही मिनी मिळतात बरं का, पाकिटात. मी मागवलेल्यांपैकी सहांचे हात तुटलेले निघाले, पण ट्रोलशी लढल्यावर तसेही तुटणारच.

सोनसळी
वेगळा विचार. ट्रोलला भूक लागलीय, त्याला युद्ध जिंकायचं नाही. चार बकऱ्या किंवा एक माणूस पकडून तो निघून का जाणार नाही? आमच्या डीएमने प्रत्येक राक्षसाला "याला काय हवंय" असं एक वाक्य लिहून ठेवलंय. त्यामुळे माणसं हरली तरी गाव उरतं, आणि राग धरून पार्टी गुहेपर्यंत जाते. आमची गेली, आणि तिथे दोन ट्रोल होते. अजून त्या डीएमशी धड बोलत नाही मी.

वीस_नैसर्गिक
दोन ट्रोल असले तरी दोनशे तिरंदाज...

रेवती_ठाणे
अहो पुरे.

कसबा_डीएम
सगळ्यांचे आभार. काल पोरांशी बोललो, आता ठरलंय ते सांगतो. तक्ता नाही, मोराल नाही, रात्र-पाऊसही नाही. त्यांनी ट्रोलला भर दुपारी बकऱ्या बांधून गावाबाहेर ओढायचा बेत केला आणि सगळ्या गोफणी गोळा केल्या. आणि चाळीसही गावकऱ्यांना नावं दिलीत. प्रत्येकाकडे दहा चिठ्ठ्या. "सखूबाईचा वार तक्त्याने कसा ठरणार?" असं म्हणतायत. तेव्हा चाळीसांचे चाळीस फासे वेगळे टाकणार.

निळा_फासा
भर दुपारी?? ३० फुटांच्या आत चाळीस गोफणी?? रेवतीताईंनी ४५ चा हिशोब कशाला करून दिला?

कसबा_डीएम
माहीत आहे. दोन-तीन राउंडमध्ये मेला तर मेला. पण ट्रोलची बायको नदीपलीकडे आहे हे त्यांना माहीत नाही.

सोनसळी
त्या रविवारी त्यांच्याशी नीट बोलून घ्या. नंतर बोलणार नाहीत ते.

रेवती_ठाणे
बायकोला तरी रात्री आणा.

मिनीप्रेमी
म्हणजे आता दोन ट्रोल. एका मिनीत भागणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.