जीवनकथांच्या मुलाखती अर्काइव्हला द्यायच्या का? आणि आधीच सही घेतलेल्या फॉर्मचं काय?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी, पीएचडी चालू आहे, विषय स्थलांतर करून आलेल्या बायकांच्या जीवनकथा. निम्म्याहून जास्त मुलाखती झाल्यात, बाकीच्या व्हायच्यात. आता गाईड म्हणतायत की सगळा डेटा, म्हणजे ऑडिओ, ट्रान्सक्रिप्ट सगळं, काम संपल्यावर अर्काइव्हला (संशोधनाची सामग्री जपून ठेवणाऱ्या संग्रहाला) दे, पुढच्या लोकांना वापरता येईल, आणि फंडिंगवाल्यांनाही डेटा मॅनेजमेंट प्लॅन, म्हणजे डेटा कसा ठेवणार याचा आराखडा हवाय. अडचण अशी की डिपार्टमेंटच्या छापील कन्सेंट फॉर्मवर (संमतीपत्रावर) सरळ लिहिलंय, "माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल व काम संपल्यावर नष्ट केली जाईल." त्यावर सह्या झाल्यात. नावं काढून टाकली की द्यायला हरकत नाही असं एक सिनियर म्हणाला, ते मला पटत नाहीये. आणि खरं सांगायचं तर मुळात द्यावं का हेच कळत नाहीये, त्या बायका माझ्याशी बोलल्या, दोन-दोन तास, रडल्या, हसल्या, ते उद्या कुणीतरी अनोळखी माणूस कुठेतरी बसून वाचणार आणि त्यावर पेपर लिहिणार हे जरा कसंतरीच वाटतं. कुणी केलंय का हे?

टेपचा_फीता
आधी फॉर्मचं बोलू. नावं काढून दिलं की झालं हे साफ चुकीचं, तुमच्या सिनियरला सांगा. नष्ट करू असं लिहून सही घेतली असेल तर नावं काढल्याने तो शब्द रद्द होत नाही. एकच रस्ता, परत जायचं आणि विचारायचं. ज्या हो म्हणतील त्यांचं द्यायचं, ज्या नाही म्हणतील किंवा सापडणारच नाहीत त्यांचं नाही. त्याआधी एथिक्स कमिटीला (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला) एक अर्ज करून फॉर्ममधला बदल मंजूर करून घ्या, नाहीतर नंतर तिथूनच गाडी अडते.

उरलेल्या मुलाखतींसाठी फॉर्म वेगळा करा, आणि तीन गोष्टी तीन वेगळ्या सह्यांच्या ठेवा: मुलाखत द्यायला हो का, माझ्या लिखाणात तुमची वाक्यं वापरू का, आणि पुढे इतर अभ्यासकांसाठी ठेवू का. एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे. ही तिसरी सही मुलाखत झाल्यावर घ्या, आधी नाही. आधी तिला माहीतच नसतं आपण काय काय बोलून बसणार आहोत ते! जमलं तर ट्रान्सक्रिप्ट वाचून दाखवून मग घ्या, त्यात एखादा भाग "हे नको" म्हणाली तर तेवढा बंद ठेवायचा.

आणि हे "नष्ट करू" वाक्य फॉर्ममध्ये का येतं कुणास ठाऊक, बहुतेक ठिकाणी जुन्या फॉर्मवरून उतरवलेलं असतं आणि कुणी विचारच केलेला नसतो.

उलटतपासणी
मी जरा विरोधात बोलतो, राग मानू नका. जीवनकथा ॲनॉनिमाइझ होत नाही, म्हणजे बाई ओळखूच येणार नाही अशी करता येत नाही. सर्व्हेच्या डेटातनं नाव, पत्ता उडवला की काम होतं, इथे काय उडवणार? कुठल्या साली गाव सोडलं, नवरा कशाने गेला, मुलं किती, कोणत्या कारखान्यात संप झाला तेव्हा ती होती, या चार गोष्टी एकत्र आल्या की तिच्या ओळखीतला कुणीही तिला ओळखतो. आणि त्या चारही काढल्या तर उरतं काय? बाईची गोष्टच गेली, नुसतं "एका स्त्रीने एक शहर सोडले". मग ते अर्काइव्हला देऊन उपयोग कुणाला.

दुसरं, बेलफास्ट प्रोजेक्टचं काय झालं ते वाचा एकदा. उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या, दोन्ही बाजूंच्या माजी लढवय्यांच्या मुलाखती 2001 ते 2006 मध्ये घेतल्या, अमेरिकेत बॉस्टन कॉलेजच्या लायब्ररीत ठेवल्या, आणि माणसांना सांगितलं की तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर जाणार नाही. 2011 मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकन सरकारमार्फत समन्स आलं. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि काही टेप्स द्याव्याच लागल्या. 2014 मध्ये सिन फेन पक्षाचा नेता जेरी ॲडम्सला त्याच तपासात अटक झाली, चार दिवसांनी आरोप न ठेवता सोडलं. त्यानंतर कॉलेजनेच सांगितलं की ज्यांना आपल्या टेप्स परत हव्यात त्यांनी घेऊन जा. म्हणजे ज्यांनी जपायच्या म्हणून घेतल्या त्यांनीच हात वर केले. तुमच्या बायकांमध्ये कुणी कागदपत्रांशिवाय राहत असेल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलली असेल, तर हा धोका काल्पनिक नाही.

टेपचा_फीता
@उलटतपासणी बेलफास्टचं उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी त्यातनं "अर्काइव्ह नकोच" असा अर्थ काढला जातो. पण तिथे खरा घोळ वचनात होता. प्रोजेक्ट चालवणाऱ्याच्या करारात "अमेरिकन कायदा परवानगी देईल तिथपर्यंत" गुप्तता असं होतं, आणि मुलाखत देणाऱ्यांनी सही केलेल्या कागदात नेमकी तीच ओळ नव्हती. कायद्यापुढे टिकणार नाही ते वचन द्यायचंच नाही, मग टेप अर्काइव्हमध्ये असो नाहीतर तुमच्या कपाटात. समन्स कपाटालाही येतं.

ॲनॉनिमायझेशनचं तुमचं बरोबर आहे, मान्य. म्हणूनच बहुतेक चांगली अर्काइव्ह्ज सगळा भार त्याच्यावर टाकत नाहीत. मजकूर फार न कापता ठेवायचा आणि दार आवळायचं: काही फाइल्स नोंदणी करून कुणालाही, काही फक्त मूळ संशोधकाच्या परवानगीने, काही ठराविक वर्षं पूर्ण बंद. जी नावं बदलाल तिथे काळी पट्टी मारू नका, बदली नाव द्या आणि पूर्ण मुलाखतीत तेच ठेवा, कंसात खूण करा की हे बदललंय. कुठलं नाव कशाचं, ती यादी वेगळ्या जागी, कुलपात. ऑडिओचा आवाज मात्र ओळखू येतोच, त्यामुळे ऑडिओ देताना शंभरदा विचार करा.

कोरीपाटी
दोघांचेही आभार, डोकं अजून गरगरतंय पण निदान कुठे गरगरतंय ते कळलं. एक बाळबोध शंका, हे सगळं करून कुणी खरंच वापरतं का? म्हणजे माझ्या मुलाखती मी माझ्या प्रश्नांसाठी घेतल्यात, दुसऱ्याला त्यात काय मिळणार?

जुने_कागद
वापरतात की. गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या ग्लूक दांपत्याचं प्रकरण बघा. बॉस्टनची 500 गुन्ह्यात सापडलेली मुलं आणि 500 न सापडलेली, 1940 च्या सुमारास सुरू केलेला अभ्यास, मुलं बत्तीस वर्षांची होईपर्यंत माग ठेवला. मुलाखती, घरच्यांचं, शिक्षकांचं म्हणणं, सगळं खोक्यांत भरून हार्वर्ड लॉ स्कूलच्या लायब्ररीच्या तळघरात पडलेलं. 1980 च्या दशकात जॉन लॉब या संशोधकाला ती खोकी सापडली, मग त्यांनी आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी कित्येक वर्षं घालून ते परत लावलं आणि ग्लूकांना जे दिसलं नव्हतं ते मांडलं, की मोठेपणी लागलेली स्थिर नोकरी आणि चांगलं लग्न माणसाला गुन्ह्यापासून वळवू शकतं. पुढे त्यातल्याच 52 जणांना म्हातारपणी गाठून परत मुलाखती घेतल्या. ग्लूकांनी कागद जाळले असते तर? (हा सगळा डेटा आजच्या एथिक्स कमिटीतून गेला असता का, हा वेगळा वाद, त्यावर स्वतंत्र धागा काढा कुणीतरी.)

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांचं पण तसंच. 1950 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंड-वेल्समधल्या 173 वृद्धाश्रमांना भेटी दिल्या, नोंदी, फोटो सगळं एसेक्स विद्यापीठात ठेवलं गेलं, आणि साधारण पन्नास वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी त्यातले चालू असलेले आश्रम शोधून काढून तुलना केली. एसेक्सलाच पॉल थॉम्पसन यांनी 1994 मध्ये क्वालिडेटा सुरू केलं, ते मुळात अशी सामग्री वाचवायलाच, कारण जुन्या अभ्यासांचे कागद प्राध्यापक निवृत्त झाले की रद्दीत जात होते.

पण @उलटतपासणी यांच्या बाजूनं एक सांगतो. दुसऱ्याची मुलाखत वाचताना सगळ्यात जास्त अडतं ते "ती इथे गप्प का झाली" याच्यावर. ट्रान्सक्रिप्टमध्ये नुसते टिंब टिंब. दारात सासू उभी होती, हे फक्त तुम्हाला माहीत. म्हणून ट्रान्सक्रिप्टइतकंच महत्त्वाचं तुमच्या फील्ड नोट्स, प्रश्नांची यादी (आणि ती मधेच बदलली असेल तर कधी आणि का), कुणामार्फत त्या बाईपर्यंत पोचलात, मुलाखत कुठे झाली, खोलीत अजून कोण होतं. हे आत्ताच लिहा, थिसिस झाल्यावर आठवणार नाही. फील्ड नोट्स द्यायला लोक लाजतात, त्यात आपले स्वतःचे गोंधळ असतात ना.

सही_अंगठा
कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. नाव लपवायचंच हे आपण गृहीत धरतो. माझ्या ओळखीच्या एका प्रोजेक्टमध्ये बऱ्याच जणींनी स्पष्ट सांगितलं, माझं नाव टाका, मी जगले ते मी, दुसऱ्या कुणा सुमनबाईच्या नावावर कशाला? मौखिक इतिहासवाले तर बहुधा खऱ्या नावानेच ठेवतात. तेव्हा परत विचारायला जाल तेव्हा हा पर्यायही ठेवा. फक्त त्यांच्या गोष्टीत दुसरी माणसं येतात, नवरा, जाऊ, शेजारीण, त्यांनी कुठे हो म्हटलंय, ते सांभाळा.

कोरीपाटी
हे डोक्यातच आलं नव्हतं. सिनियरचा नाद सोडला, जुन्या फॉर्मवाल्या सगळ्यांकडे परत जायचं ठरवलंय. त्यातल्या एक आजी मात्र मागच्या वर्षी वारल्या. त्यांचं काय करायचं?

टेपचा_फीता
कायद्याचं म्हणाल तर युरोपचा जीडीपीआर (वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा) मृत व्यक्तींना लागूच होत नाही, इतर ठिकाणचं वेगळं असू शकतं, कमिटीला विचारा. पण त्यांनी "नष्ट करू" वाचून सही केलीय आणि आता मत बदलायला त्या नाहीत. मुलाबाळांना विचारता येईल, पण आजींनी जे मुलांपासून लपवून तुम्हाला सांगितलं असेल त्याची परवानगी मुलांकडून कशी घेणार? मी असतो तर दिली नसती.

जुने_कागद
मीही नाही.