घरगुती पाळणाघराची गुणवत्ता कोणी आणि कशी तपासावी?

प्रश्न (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. आमच्या राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवते. एरवी शिक्षिकांची आणि आरोग्य उपकेंद्रातील सेविकेची मुले असतात. कापसाची वेचणी सुरू झाली की मजुरीला जाणाऱ्या बायांची मुलेही येतात आणि संख्या दहा-अकरापर्यंत जाते. मदतीला सासूबाई आहेत. मध्यंतरी चौकशीला आलेल्या एका आईने विचारले, "तुमच्या पाळणाघराला काही मानांकन आहे का? कोणी तपासायला येते का?" तिचे विचारणे रास्त होते, पण आजवर आमच्याकडे कोणीही तपासणीला आलेले नाही. काही देशांत घरगुती पाळणाघरांचीही तपासणी होऊन त्यांना दर्जा मिळतो, असे वाचले. त्या तपासणीत नेमके काय पाहतात, आणि खेड्यात ती स्वतःहून करून घ्यायची तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (मूळचा अमरावतीचा, सध्या मेलबर्न)

ताई, माझी पत्नी इथे स्वतःच्या घरीच मुले सांभाळते, त्यामुळे ही पद्धत मी जवळून पाहिली आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून देशभर एकच गुणवत्ता चौकट लागू आहे. तपासणी सात अंगांची असते: शिक्षण, आरोग्य व सुरक्षितता, जागा, सांभाळणारी माणसे, मुलांशी असलेले नाते, कुटुंबांशी सहकार्य आणि कारभार. प्रत्येक अंगाला वेगळा दर्जा मिळतो आणि त्यांची सरासरी काढली जात नाही. एक जरी अंग मानकाला कमी पडले, तरी एकूण दर्जा मानकाच्या खालचाच राहतो. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण गाणी-गोष्टी कितीही सुंदर झाल्या तरी अंगणातल्या उघड्या टाक्याची भरपाई त्यांनी होत नाही.

घरगुती पाळणाघरांच्या बाबतीत दर्जा एकेका घराला न देता, अशी अनेक घरे जिच्याशी जोडलेली असतात त्या मान्यताप्राप्त सेवेला दिला जातो. तिची समन्वयक घरोघरी जाऊन पाहणी करते. एका बाईकडे एका वेळी जास्तीत जास्त सात मुले असू शकतात आणि त्यांपैकी शाळेत न जाणारी चारच. घरात दुसरे कोणी सांभाळणारे नसेल, तर तिची स्वतःची तेरा वर्षांखालील मुलेही याच सातांत मोजली जातात. तुमच्या दहा-अकरा मुलांत घरची मुले धरली आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

उत्तर २ (निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, यवतमाळ)

आपल्याकडेही आधार घेण्यासारखी मानके आहेत. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि २०१८ मध्ये केंद्राने त्यासाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका व सोबत मदतनीस, असे प्रमाण सांगितले आहे. त्या सूचना मोठ्या आस्थापनांसाठी आहेत, पण मोजपट्टी म्हणून तुम्ही त्या जरूर वापराव्यात. अकरा मुले आणि दोन मोठी माणसे हा हिशेब कागदावर ठीक दिसतो. सासूबाई पाणी भरायला नळावर गेल्या, की तोच हिशेब अकरास एक होतो. म्हणून वेचणीच्या दिवसांत तिसरे माणूस ठेवावे, नाहीतर मुलांची संख्या कमी करावी. या बाबतीत मी कोणतीही सूट देणार नाही.

शेतकऱ्याच्या घरातले धोके परदेशी तक्त्यात सापडणार नाहीत. फवारणीची औषधे आणि पंप मुलांच्या घरात नकोतच. गोठ्यापलीकडे कुलपात ठेवावेत, आणि फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली फवारणीतून झालेली विषबाधा पाहिली आहे, ती तर धडधाकट माणसांना झाली होती. दुसरा धोका आपल्या उन्हाळ्याचा. लोखंडी कूलरमध्ये वीज उतरून दरवर्षी माणसे दगावतात, तेव्हा अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवावा आणि पिन काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरू नये. भरलेली बादलीसुद्धा रांगत्या मुलाला बुडवू शकते.

सुरक्षिततेनंतर मुलांशी वागणे पाहावे. मी भेटीला गेले की नोंदवही शेवटी उघडत असे. आधी कोपऱ्यात शांत बसून जेवणाची वेळ पाहत असे. हात धुताना सगळ्यांचे हात एकाच घंगाळात बुचकळतात, की गडव्याने एकेकाच्या हातावर पाणी ओततात? पोट भरल्यावर तोंड फिरवणाऱ्या मुलाला दटावतात, की थांबतात? एवढ्यावरून पुष्कळ कळते. तीन वर्षांखालील मुलांशी काय खेळावे यासाठी केंद्राचा २०२४ चा 'नवचेतना' आराखडा आहे, त्यात वयानुसार कृती दिलेल्या आहेत. वजन-उंचीच्या नोंदीसाठी गावातल्या अंगणवाडी सेविकेची मदत घ्यावी.

उत्तर ३ (पालक, वरोरा)

आई म्हणून सांगते, मला मानांकनाचे तारे नकोत; दिवसा कोणत्याही वेळी न सांगता आत येण्याची मुभा हवी. मूल पडले किंवा त्याला ताप आला, तर वेळेसह लिहिलेली नोंद त्याच दिवशी दाखवावी. त्याला न्यायला कोण येऊ शकेल, त्यांची नावे आधीच लिहून घ्यावीत आणि ओळखीचा शेजारी असला तरी यादीबाहेरच्या माणसाच्या हाती मूल देऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दहा-अकरात माझा तीन वर्षांचा मुलगा धरलेला नाही, म्हणजे मोजणी तिथूनच बदलते. औषधांची खोली आणि कूलर ही दोन्ही कामे याच आठवड्यात करून घेते. अंगणवाडी सेविका आणि दोन मातांना महिन्यातून एकदा न कळवता येण्याची विनंती करणार आहे; त्यांना जे उणे दिसेल ते आणि ते कधीपर्यंत दुरुस्त होईल, हे दाराजवळच्या फळ्यावर लिहीन. वेचणीच्या मोसमात तिसऱ्या बाईची मजुरी फीमधून निघत नाही. मजूर मातांवर बोजा न टाकता हा खर्च कोणी कसा भागवला, हे अशीच पाळणाघरे चालवणाऱ्यांनी कृपया लिहावे.