ईमॅक्स बंद व्हायला मिनिटंच्या मिनिटं, तीही फक्त पावसात

शेडवाला (देवगड):
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. ईमॅक्स (मजकूर लिहायचा एडिटर) झटकन उघडतो, चालतो छान, पण बंद करायला कंट्रोल-एक्स कंट्रोल-सी दाबलं की जागच्या जागी गोठतो. मिरगापासून हे सुरू झालंय. मार्च ते मे, आंब्याच्या धावपळीत, दिवसातून दहादा उघडबंद करायचो, एकदा अडला असेल तर शपथ. आता लाईट कधी जाईल नेम नाही, इन्व्हर्टर म्हातारा, म्हणून दोन मिनिटं वाट बघतो आणि दुसऱ्या टर्मिनलमधून किल -९ मारून जबरदस्तीने बंद करतो. जूनमध्ये एकाही सेटिंगला हात लावलेला नाही. -क्यू देऊन, म्हणजे माझी सेटिंग्ज न वाचता, उघडला तर लगेच बंद होतो, म्हणजे खोट माझ्याच इनिट (सेटिंग्जच्या) फाइलीत. पण साडेसातशे ओळींत शोधू कुठे?

खाडीकाठ:
सेव्हहिस्टमध्ये (आधी टाइप केलेलं लक्षात ठेवतं ते) किल-रिंग, म्हणजे कापलेला-कॉपी केलेला मजकूर, साठवतोस काय रे? माझी हिस्टरी फाइल त्यानेच फुगली होती.

शेडवाला:
बघितलं. ४० केबीसुद्धा नाही.

माई:
इनिट फाइल वाचत बसू नका. बंद होताना जे चालतं ते किल-ईमॅक्स-हुकमध्ये असतं. कंट्रोल-एच व्ही करून ती यादी बघा. टॉगल-डीबग-ऑन-क्विट चालू करा आणि यादीतलं एकेक फंक्शन हाताने चालवा. जे अडेल तिथे कंट्रोल-जी दाबून थांबवा, कुठे अडलं ते दिसेल. पण आधी प्लेसेस फाइलीची (कुठल्या फाइलीत कर्सर कुठे होता, त्या नोंदींची) कॉपी काढून ठेवा, माझा संशय तिच्यावर आहे.

शेडवाला:
माई, पाया पडतो! बॅकट्रेसमध्ये (कुठे अडलं त्या यादीत) फाइल-रीडेबल-पी, म्हणजे फाइल वाचता येते का ते बघणारं फंक्शन, आणि त्यापुढे चक्क वाशीच्या दलालाची एप्रिलमधली पट्टी (विक्रीचा हिशोब). पेट्यांचा हिशोब आणि पट्ट्या शेडातल्या कॉम्प्युटरवर असतात, ते फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून) माझ्या होम फोल्डरात माउंट केलंय. शेवटची गाडी गेली की बाबा ते कॉम्प्युटर बंद करून ताडपत्रीत गुंडाळतात!

माई:
मग झालं. सेव्ह-प्लेस बंद होताना यादीतली प्रत्येक फाइल वाचता येते का ते तपासतो. शेडातलं कॉम्प्युटर बंद, म्हणून दर पट्टीपाशी ताटकळतो. फोल्डर तुमच्या होमऐवजी एमएनटी या फोल्डराखाली असतं तर तपासणीच झाली नसती, तो पत्ता मुळातच वगळलेला आहे. सेव्ह-प्लेस-लिमिट (किती नोंदी ठेवायच्या ते) किती ठेवलंय? मुळात ४०० असतं.

शेडवाला:
निल, म्हणजे मर्यादाच नाही. कधीकाळी हौसेने केलं होतं. यादीत अठराशेवर नोंदी, त्यातल्या सत्तरेक शेडातल्या.

माई:
आणि तुमचं किल -९. एकदा जरी वाट बघितली असती तर न सापडलेल्या फायली त्याने यादीतून काढल्या असत्या आणि दुसऱ्या दिवसापासून पटकन बंद झाला असता. तुम्ही दरवेळी मधेच मारलात, म्हणून यादी तशीच राहिली. पट्ट्यांतल्या जागा मात्र त्यामुळेच वाचल्या.

खाडीकाठ:
म्हणजे आडमुठेपणा फळला म्हणायचा 😀

शेडवाला:
सेव्ह-प्लेस-फरगेट-अनरीडेबल-फाइल्स (वाचता न येणाऱ्या फायली यादीतून काढायचं सेटिंग) निल, म्हणजे बंद केलं, लिमिट हजारावर आणलं. आता दाबलं की गेला. प्लेसेसमध्ये पट्ट्यांच्या नोंदी जागेवर आहेत. कर्सर खरंच तिथे उतरतो का, ते बघायला बाबा ताडपत्री सोडेपर्यंत थांबायचं.