मदत हवी आहे : इकॉलॉजी शिकून पुढे काय?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बीएस्सी (झूऑलॉजी, बॉटनी) पोरांसाठी माहिती जमवतोय. इकॉलॉजी म्हटलं की घरचे म्हणतात, 'बीएड कर.' तोही मार्ग आहेच, पण एकमेव नाही.

संशोधनाचं ठाऊक आहे, त्यासाठी गेट आणि नेट या देशपातळीवरच्या परीक्षा: गेटला 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' (ईवाय) स्वतंत्र पेपर, स्कोअर ३ वर्षं चालतो, नेटला लाइफ सायन्सेस. एमएस्सीला बेंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राचं संशोधन केंद्र), डेहराडूनची वन्यजीव संस्था. जागा मोजक्याच.

अडतंय फील्डच्या कामात. नुसती जंगलाची आवड पुरत नाही. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधायचा, समोरचं गवत कापायचं. नाहीतर उन्हात तापलेलं गवत हललं की सेन्सर फसतो आणि कार्डभर रिकामे फोटो! पुढे क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), 'आर' (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) यायलाच हवं.

तर सांगा:
भीमगड, दांडेलीकडच्या जंगलांतल्या वन्यजीव प्रकल्पांत फील्ड असिस्टंट कसे घेतात? मानधन किती, विमा असतो का?
पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या कन्सल्टन्सीत फ्रेशरला घेतात का?
मराठी माध्यमातल्या पोरांनी वनखात्याच्या परीक्षेसाठी कन्नडची तयारी कुठून करावी?

स्वतः काम केलेल्यांनीच लिहा, ऐकीव नको.