मदत हवी आहे : मुलाचा दमा आनुवंशिक की घोडबंदर रोडच्या धुळीचा?

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मुलाला दमा असल्याचे सांगितले. माझ्या वडिलांना दमा होता, त्यामुळे ‘हे माहेरून आलेले दुखणे’ असे सासरी ठरूनही गेले आहे. आमची इमारत घोडबंदर रोडला लागून आहे. रात्रभर ट्रेलर धावतात आणि सकाळी खिडकीच्या जाळीवर बोट फिरवले की ते काळे होते. बदलापूरला घर पाहिले असून रविवारपर्यंत टोकन द्यायचे आहे. दमा रक्तातलाच असेल, तर घर बदलून उपयोग काय? कृपया नेमके सांगावे.

खाडीकाठ : मुलाचे वय काय? मजला कितवा? निदान स्पायरोमेट्रीने झाले का?

धागाकर्ती : वय साडेचार, मजला दुसरा. फुंकर मारायची चाचणी त्याला जमली नाही.

जिज्ञासू : ‘रक्तातला की हवेतला’ अशी वाटणी करता येत नाही. १७व्या गुणसूत्रावरील ओआरएमडीएल३ जनुकाच्या परिसरातील फरकांचा बालपणीच्या दम्याशी संबंध असल्याचे २००७ साली दिसून आले. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला दमा असून दुसरे मूल ठणठणीत असल्याची उदाहरणे आहेत. काहींच्या शरीरात धुरातील घातक घटक निकामी करण्यास मदत करणारे जीएसटीएम१ हे जनुकच नसते, आणि अशांना डिझेलच्या धुराचा त्रास अधिक होऊ शकतो. म्हणजे आजोबांचा वारसा असेल, तर रस्त्यापासून दूर जाण्याला उलट अधिकच अर्थ आहे.

सह्याद्री७२ : एअर प्युरिफायर घ्या. आमच्या मुलीचा खोकला महिन्यात थांबला.

खाडीकाठ : खिडक्या उघड्या ठेवून प्युरिफायर लावणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे. शिवाय बदलापूरलाही रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे, हे टोकन देण्यापूर्वी पाहावे.

मावशी : पंपाची सवय लागते, म्हणून आम्ही मृग नक्षत्रावर हैदराबादला जाऊन माशाचे औषध घेतले होते.

जिज्ञासू : पंपाची सवय लागते का, हे कोणी विचारलेलेच नाही, आणि ती लागत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून नियमित द्यावा, घर बदलले तरी आपल्या मनाने बंद करू नये. मूल झोपते ती खोली कोणत्या बाजूला आहे?

धागाकर्ती : रस्त्याच्याच. मागची खोली सासूबाईंची आहे, परंतु तिथे सकाळ-संध्याकाळ धूप जळतो. हे लिहायचे राहून गेले.

जिज्ञासू : मग रविवारची वाट न पाहता आजच धूप बंद करून मुलाला मागच्या खोलीत झोपवा.